धान्य आणि दाम : जालन्याचा मागोवा

भूक ही केवळ धान्याच्या अभावातून उपजते हा समज जितका जुना तितकाच अपुरा आहे. आणि ज्यास तो पारखून पाहावयाचा असेल त्याने जालन्याच्या गेल्या अर्धशतकाकडे निवांतपणे पाहावे.

1972 साली, जालना हा स्वतंत्र जिल्हा होण्यास अद्याप नऊ वर्षे अवकाश असताना, पावसाने दगा दिला, ज्वारी-बाजरी उभ्या शेतात करपली, आणि ज्या घरांची पेवे व कणग्या कधी रित्या होत नसत त्या घरांतील बायामाणसेही मुकादमाच्या हजेरीपटावर नाव लावून खडी फोडावयास बसली. परदेशाहून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनातून ते साल जावयाचे नाही. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास मजूर होते. याउलट, 1943 साली बंगालमध्ये धान्य इतके घटले नसतानाही लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली. इकडे धान्य कितीतरी अधिक घटूनही तसा संहार झाला नाही, याचे कारण सरकारी खजिन्यातून निघालेली मजुरी गरिबाच्या हाती पोहोचली, आणि दाम असलेल्या हातापर्यंत धान्य येण्याची वाट मोकळी राहिली. अमर्त्य सेन यांनी पुढे 1981 मध्ये दुष्काळावरील ग्रंथात क्रयशक्तीचा जो सिद्धांत मांडला, त्याचे प्रत्यंतर आमच्या रयतेने आधीच अनुभवले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि काम मागणे हा याचनेचा नव्हे, हक्काचा विषय झाला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या देणग्यांत मी हीच सर्वांत मोठी मानतो.

धान्याची बाजूही जालन्याने सांभाळली. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको कंपनी स्थापून संकरित बियाण्यांचा व्यवसाय उभारला, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परंतु बी कितीही कसदार असले तरी पाण्यावाचून ते काय करणार? 2012-13 च्या अवर्षणात निजामकालीन घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरच्या दयेवर जगले, आणि मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना स्वतःच्या हातांनी तोडाव्या लागल्या. जालना तालुक्यातीलच कडवंची गावाने मात्र खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने पाणलोटाची कामे आधीच केली असल्यामुळे, तेथील द्राक्षबागा त्या कठीण सालातही तग धरून राहिल्या.

आता कापूस आणि सोयाबीन या नगदी पिकांनी ज्वारी-बाजरीचे क्षेत्र बळकावले आहे, आणि धान्य पिकवणारा कुणबी स्वतः धान्याचे गिऱ्हाईक होऊन बसला आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यास शिधापत्रिकेवर दरमहा दरमाणशी 5 किलो धान्य दिले, हे खरेच मोठे काम; पण पोट भरले एवढ्याने अंगी बळ येते असे नव्हे, आणि बालकांच्या वाढीस लागणारी डाळ, दूध, भाजी अद्याप बहुतांशी बाजारभावानेच घ्यावी लागते. त्याच कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. तेव्हा शासनाने आमची ज्वारी-बाजरी हमीभावाने खरेदी करून येथल्याच शिधावाटपाच्या दुकानांतून देण्याचा नियम पाळला, तर शेतकऱ्यास दाम आणि मुलांस कसदार अन्न, असे दोन्ही एकाच वेळी साधेल.