तांदळाच्या पोत्यांमधला स्टुडिओ

सातवीतल्या एका मुलीने मोबाइल तोंडाशी धरला, ‘माय गोट वॉज लॉस्ट’ एवढं म्हटलं आणि स्वतःच रेकॉर्डिंग बंद केलं. ऐकलं. मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. असं नऊ वेळा. हेच वाक्य मी तिच्याकडून वर्गात नऊदा म्हणवून घेतलं असतं, तर तिसऱ्या खेपेलाच तिचे डोळे भरले असते.

शाळा मराठी माध्यमाची. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे ही मुलगी सहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली. धड्याखालची उत्तरं चोख लिहिते. पण स्वतःचं काही इंग्रजीत सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

ती वेळ आणायचा एक मार्ग म्हणजे डिजिटल स्टोरीटेलिंग. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे: आपल्या आयुष्यातला एक प्रसंग, आपल्याच आवाजात, दोन-तीन मिनिटांत, सोबत दहा-बारा चित्रं. डेना अॅचली आणि जो लॅम्बर्ट यांनी १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात याच्या कार्यशाळा घेतल्या. त्या इंग्रजी शिकवण्यासाठी नव्हत्याच. सामान्य माणसाला आपली गोष्ट सांगता यावी, एवढ्यासाठी होत्या. भाषाशिक्षकांनी ही पद्धत नंतर उचलली. लॅम्बर्ट सांगणाऱ्याच्या आवाजाला देणगी मानतात, आणि माझ्या मते या साऱ्यात तंत्रापेक्षा आवाजच मोलाचा आहे.

त्या कार्यशाळांत आधी सगळे गोल बसून गोष्ट तोंडी सांगतात. आम्ही ते मराठीत करतो. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको, असं मानणारे शिक्षक बरेच आहेत. मला ते मुळीच पटत नाही. पोराला आधी गोष्ट सापडू दे, मग भाषा शोधू.

भाषा शोधताना खरी शिकवणी होते. त्या मुलीने लिहिलं होतं, ‘टू मी फिअर केम.’ ही चूक अडाणीपणाची नाही. आपण ‘मला भीती वाटली’ म्हणतो. आपल्या वाक्यात भीती कर्ता असते आणि माणूस ‘मला’ होऊन बसतो. इंग्रजीत ‘आय’ पुढे यावा लागतो. हे मी फळ्यावर अनेकदा सांगितलं होतं. तिला ते कळलं स्वतःच्या भीतीमुळे. ‘आय वॉज अफ्रेड,’ ती पुटपुटली, आणि पुढे ‘मला भूक लागली’चं वाक्य तिने न विचारता बदललं.

साधनांची फार काळजी करू नये. एक मोबाइल पुरतो. वर्गावर पत्रे, शेजारी चौथीचे पाढे, त्यामुळे रेकॉर्डिंगला जागा मिळेना. शेवटी पोषण आहाराची कोठी सापडली. तांदळाची पोती आवाज शोषून घेतात. तिथे कुजबुजसुद्धा स्वच्छ उमटते. शिवाय दार लावलं की चूक ऐकायला कोणी नसतं. लाजऱ्या मुलांना त्या बंद दाराचा आधार किती मोठा, हे मी तिथेच पाहिलं.

चित्रं मुलं वहीत काढतात, त्यांचे फोटो घेतो. अॅपमधल्या उड्या मारणाऱ्या अक्षरांत दोन तास घालवू नयेत. ते दोन तास वाक्यांचे आहेत. लाल पेनही आवरावा लागतो. अर्थ अडतो तेवढ्याच चुका दाखवायच्या. आणि तयार झालेली गोष्ट मुलाला विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. ती त्याच्या घरातली गोष्ट असते.

मुलीने शेळीची गोष्ट आईला ऐकवली, मराठीत अर्थही सांगितला. दुसऱ्या दिवशी परिपाठाआधीच ती माझ्यासमोर उभी.

“बाई, आई म्हणते, शेळी सोडलेली नव्हती, दावं तुटलं होतं. ते वाक्य बदलायचंय. ‘द रोप ब्रोक’ की ‘द रोप ब्रोकन’?”

मी सांगितलं. तिने कोठीची किल्ली मागितली.