जावक टपालाचे खाते

संकेतस्थळावर नवे खाते उघडावे, परवलीचा शब्द विसरावा, एखादी वस्तू मागवावी किंवा संस्थेची वर्गणी भरावी, की क्षणार्धात आपल्या नावे एक पत्र येऊन पडते. ते रवाना करण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रथमदर्शनी इतके किरकोळ वाटते की, जेथे गरज पडेल तेथे चार ओळी खरडून तो मोकळा होतो. आणि कालांतराने पाठवणाऱ्याचा पत्ता बदलण्याचा साधा प्रसंग आला, म्हणजे त्या चार ओळी किती ठिकाणी विखुरल्या आहेत याची त्याला उमज पडते. जुन्या कचेऱ्यांत प्रत्येक कारकुनाने आपापला लखोटा स्वतः टपालात टाकण्याची मुभा नव्हती, सारे जावक टपाल बारनिशीतूनच जाई, ते उगाच नव्हे. प्रोग्रामांच्या जगात हे बारनिशीचे काम ज्यांनी पत्करले, त्यांत पीएचपीमेलर ही लायब्ररी वयाने आणि प्रसाराने अग्रगण्य गणली पाहिजे.

ब्रेंट मॅट्झेल यांनी ती २००१ साली लिहिली. पीएचपी या भाषेत पत्र पाठवण्यासाठी ‘मेल’ नावाचे एक फंक्शन आधीपासून होतेच. परंतु त्याचे सामर्थ्य अगदी तुटपुंजे. दिलेला मजकूर त्याच यंत्रावरील टपाल-प्रोग्रामच्या हवाली करणे एवढेच त्याचे कर्तव्य असून, त्याने होकारार्थी उत्तर दिले तरी त्याचा अर्थ पत्र पोचले असा नसून केवळ स्वीकारले गेले असा असतो. शिवाय पत्राला सहपत्र जोडायचे, अथवा सजवलेल्या एचटीएमएल मजकुराबरोबर साधा मजकूरही द्यायचा, तर १९९२ साली नेड फ्रीड आणि नथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी सिद्ध केलेल्या ‘माइम’ या संकेतानुसार पत्राचे भाग पाडणे, त्यांच्या सीमारेषा आखणे आणि चित्रादिकांचे अक्षरांत रूपांतर करणे, हा सारा खटाटोप लिहिणाऱ्याच्याच शिरी येई. मॅट्झेल यांनी ही तसदी एकदाच घेतली आणि इतरांची वाचवली. पुढे २००४ पासून मार्कस बॉइंटन आणि अँडी प्रिव्हॉस्ट यांनी कारभार हाती घेतला, जिम जॅगिएल्स्की यांनीही काही काळ तो पाहिला, आणि २०१३ पासून गिटहब हेच तिचे अधिकृत ठिकाण ठरले.

तिचा वापर करणाऱ्याला एक वस्तू निर्माण करून तिला प्राप्तकर्ता, विषय, मजकूर आणि सहपत्रे सांगावी लागतात व अखेरीस ‘सेंड’ म्हणावे लागते. पत्र कोणत्या मार्गाने जावे, म्हणजे भाषेतील त्या ‘मेल’ फंक्शनकडून, यंत्रावरील सेंडमेल या टपाल-प्रोग्रामकडून की थेट एसएमटीपी या टपाल-संकेताने दूरच्या सर्व्हरकडे, ही तजवीज मजकुरापासून अलग ठेवलेली असते. आणि माझ्या मते या रचनेतील खरी सुज्ञता येथेच आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लेखनिविष्ट केलेला एसएमटीपी हा एक रीतसर संवाद आहे. सर्व्हर २२० या आकड्याने स्वागत करतो, पाठवणारा आपली ओळख देतो, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता सादर करतो, प्रत्येक वेळी २५० असे संमतिदर्शक उत्तर मिळते. ३५४ हा आकडा आला म्हणजे मजकूर सुरू करायचा, आणि एका ओळीवर केवळ एक टिंब ठेवले की तो संपला असे समजायचे. आता मजकुरातील एखादी ओळच टिंबाने सुरू झाली तर? तर तेथे आणखी एक टिंब वाढवून द्यायचे, जे पलीकडचा सर्व्हर काढून टाकतो. असल्या बारीकसारीक गोष्टी ज्याला ठाऊक नाहीत त्याचे पत्र वर्षभर बिनबोभाट जाते आणि एके दिवशी अर्धेच पोचते.

मराठीत पत्रे पाठवणाऱ्याला या लायब्ररीचा एक स्वभावविशेष अगोदर जाणून घ्यावा लागतो. वेगळे काही सांगितले नाही, तर अक्षरसंच आयएसओ ८८५९-१ हाच, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपीचा, असे ती गृहीत धरते. यूटीएफ-८ हा अक्षरसंच स्पष्टपणे न दिल्यास ‘आपली पावती’ या शब्दांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. विषयाच्या ओळीची कथा याहून कठीण आहे. तेथे रोमन लिपीबाहेरचा मजकूर संकेतबद्ध तुकड्यांत घालावा लागतो, तुकडा ७५ चिन्हांहून लांब असता कामा नये, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापत असल्याने, बेस-६४ पद्धतीने एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हे मावतात; त्यांत काना-मात्रा-वेलांट्याही स्वतंत्रपणे मोजायच्या. चिन्ह मध्येच तोडण्याची मनाई आहे. स्वतःच्या हाताने हे तुकडे पाडू पाहणारा येथे हटकून ठेचाळतो. लायब्ररी ही काळजी वाहते.

मात्र पुष्कळांनी एकावर भार टाकला, की त्या एकाचा दोष पुष्कळांचा होतो. डिसेंबर २०१६ मध्ये डेव्हिड गोलुन्स्की या संशोधकाने दाखवून दिले की, पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून अवतरणचिन्हांत गुंफलेला एक विचित्र परंतु नियमाने वैध पत्ता दिला, तर तो ‘मेल’ फंक्शनच्या मार्गे सेंडमेलला जादा हुकूम म्हणून पोचतो आणि सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिता येते. ५.२.१८ या आवृत्तीत केलेली दुरुस्ती अपुरी ठरली, ती ५.२.२० मध्ये पुरी करावी लागली. एसएमटीपीचा मार्ग धरणाऱ्यांना याची झळ लागली नाही. परक्या माणसाने भरलेला अर्ज जसाच्या तसा पत्राच्या शिरोभागी चिकटवणे किती घातक, याचा इतका बोलका दाखला दुसरा आठवत नाही. तरीही अनेक ठिकाणी एकाच वेळी दुरुस्ती पोचवण्याची सोय होती, ती ही जोखीम एकाच जागी एकवटली होती म्हणूनच.

वर्डप्रेसने याच लायब्ररीवर ‘डब्ल्यूपी मेल’ नावाचे आपले आवरण चढवले आहे. प्लगिन लिहिणारा केवळ प्राप्तकर्ता, विषय, मजकूर, शिरोलेख आणि सहपत्रे देतो. संकेतस्थळाचा अक्षरसंच आवरण स्वतःच लावते, म्हणून मराठी स्थळांवर वर सांगितलेली पंचाईत सहसा होत नाही. स्थळचालकाला टपालाचा मार्ग बदलायचा झाल्यास तो एका ठिकाणी बदलला की पुरे, प्लगिनांतील एकाही ओळीला हात लावावा लागत नाही. स्वतःचे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानेही असे एक पातळ आवरण घालावे, आणि चाचणीच्या वेळी खरी पत्रे न पाठवता ती नुसती जमा करून ठेवणारा मार्ग त्यातच ठेवावा.

पाठवायच्या पत्रांची रांग मात्र ही लायब्ररी सांभाळत नाही. बटण दाबणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवून दूरच्या सर्व्हरशी तो सारा संवाद पार पाडणे तिच्या चालकांनाच मान्य नाही. पत्र जवळच्या टपाल-सर्व्हरकडे सोपवावे आणि पुढचा प्रवास त्याच्यावर ठेवावा, असा त्यांचा सल्ला आहे. एकाच बैठकीत अनेक पत्रे धाडायची असतील तर जोडणी उघडी ठेवण्याची सोय आहे, तेवढ्यापुरते काम तिच्याकडून घ्यावे.