पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए

पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए हे भारतात तयार होणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीत त्याचे उत्पादन होते. बेल्जियममधील ‘ब्राउनिंग हाय पॉवर’ या पिस्तुलाची ही भारतीय आवृत्ती असून ती कॅनडातील जॉन इंग्लिस कंपनीच्या आराखड्यावर आधारलेली आहे. भारतीय सैन्य, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि राज्यांचे पोलीस हे पिस्तूल वापरतात. कमरेला बाळगण्याच्या शस्त्राची विश्वसनीयता व किंमत यांबाबत त्याचे उदाहरण वारंवार दिले जाते. एकाच आराखड्याचे पिस्तूल एका ठिकाणी खात्रीचे आणि दुसऱ्या ठिकाणी बेभरवशाचे ठरू शकते. हा फरक बहुतेक वेळा मॅगझिन, काडतुसे, देखभाल आणि सराव यांमुळे पडतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील हवामान आणि कामाचे स्वरूप या चारही घटकांची कसोटी पाहणारे आहे.

इतिहास

हाय पॉवरच्या रचनेस अमेरिकन शस्त्रसंशोधक जॉन ब्राउनिंग यांनी सुरुवात केली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बेल्जियमच्या एफएन कंपनीतील डिओदोने सेव्ह यांनी ती पूर्ण केली आणि १९३५ मध्ये हे पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी याच पिस्तुलाचे उत्पादन केले. ईशापूरचे पिस्तूल या कॅनेडियन नमुन्यावरून आले असल्याने त्यात बेल्जियन कंपनीने पुढील काळात केलेल्या अनेक सुधारणा आढळत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याचे कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागण्यात आले. ईशापूरचा कारखाना अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरस्थित कंपनीकडे गेला. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे असलेल्या ऑर्डनन्स फॅक्टरी चांदाचा पिस्तूलनिर्मितीशी संबंध नाही. तो मोठ्या दारूगोळ्यात स्फोटके भरण्याचा कारखाना असून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीत समाविष्ट आहे. लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी महाराष्ट्रातील जुना कारखाना पुण्याजवळ खडकी येथे असून त्याची स्थापना १८६९ मध्ये झाली. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे उमटवलेली असतात.

रचना

पिस्तुलाचे सर्व मुख्य भाग पोलादी असून रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम असते. मॅगझिनमध्ये १३ काडतुसे बसतात. ती आत दोन रांगांत रचलेली असतात आणि वर येताना एका रांगेत येतात. गोळी सुटल्यावर नळी व स्लाइड एकत्र थोडे मागे जातात. त्यानंतर नळी खाली झुकून सुटी होते. स्लाइड मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा मागे बसतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलले जाते. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून या प्रकारास अर्धस्वयंचलित म्हणतात.

पहिली गोळी झाडण्यापूर्वी घोडा मागे घेतलेला असावा लागतो, कारण नुसता चाप ओढून तो उठत नाही. मॅगझिन काढलेले असताना चाप चालू नये अशी व्यवस्थाही मूळ रचनेत आहे. या व्यवस्थेमुळे चाप काहीसा जड व खरखरीत लागतो.

विश्वसनीयतेचे घटक

पिस्तुलातील अडथळे साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात घोडा पडूनही गोळी सुटत नाही. याचे कारण बहुधा दमट किंवा जुने काडतूस अथवा कमकुवत झालेली स्प्रिंग हे असते. दुसऱ्या प्रकारात रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकते. मळलेला किंवा झिजलेला पुंगळी-ओढा, कमी दाबाचे काडतूस किंवा पिस्तूल ढिले धरणे ही त्याची कारणे असतात. तिसऱ्या प्रकारात नवे काडतूस नळीच्या तोंडाशी अडते किंवा दोन काडतुसे एकाच वेळी वर येतात. येथे दोष बहुतांशी मॅगझिनचा असतो. मॅगझिनचे पत्र्याचे ओठ थोडे जरी वाकले तरी काडतुसाचा कोन बदलतो. त्यामुळे मॅगझिन हा पिस्तुलाचा सर्वांत नाजूक भाग मानला जातो.

जुन्या नमुन्याच्या हाय पॉवरमध्ये काडतूस चढण्याचा उतार गोल टोकाच्या, पूर्ण धातूचे आवरण असलेल्या गोळीसाठी आखलेला होता. पोकळ टोकाच्या गोळ्या त्यावर अडण्याचा संभव असतो. सैन्यासाठी ही उणीव महत्त्वाची नव्हती, कारण शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात मनाई केली होती. अशा गोळ्यांना ईशापूरपासून जवळच असलेल्या दमदम येथील कारखान्यावरूनच ‘दमदम गोळी’ हे नाव मिळाले.

चाचणी आणि तिची मर्यादा

‘आतापर्यंत एकदाही अडकले नाही’ या अनुभवाचे वजन किती गोळ्या झाडल्या यावर अवलंबून असते. संख्याशास्त्रातील एका सोप्या नियमानुसार काही चाचण्यांत एकही अपयश आले नाही, तर अपयशाचे खरे प्रमाण ९५ टक्के खात्रीने ‘तीन भागिले चाचण्यांची संख्या’ याहून कमी आहे असे म्हणता येते. त्यानुसार २०० गोळ्या विनाअडथळा सुटल्यास अडथळ्याचे प्रमाण १.५ टक्क्यांपर्यंत असू शकते. प्रमाण खरोखरच १.५ टक्के असेल, तर १३ गोळ्यांचे एक मॅगझिन रिकामे करताना किमान एक अडथळा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के भरते. १,००० गोळ्या विनाअडथळा सुटल्यास ही कमाल शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते.

मोठ्या दलांना खरेदीपूर्वी अनेक पिस्तुलांतून हजारो गोळ्या झाडून पाहता येतात. परवानाधारक नागरिकास विकत घेता येणाऱ्या काडतुसांवर परवान्याने मर्यादा घातलेली असते आणि काडतुसे महागही असतात. त्यामुळे स्वतःच्या शस्त्राची अर्थपूर्ण चाचणी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. अशा वेळी कंपनीच्या नावाचा आधार घेतला जातो. परंतु एखाद्या नावाची कीर्ती वेगळ्या देशात, वेगळ्या काडतुसांवर व नियमित देखभालीत मिळालेली असू शकते. ती हातातील पिस्तुलास जशीच्या तशी लागू होत नाही.

चंद्रपूर व गडचिरोलीतील परिस्थिती

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असून वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्या त्याच्या सीमेवरून वाहतात. पावसाळ्यात नाले ओलांडत गस्त घालावी लागते. याउलट चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कोळसा खाणी व सिमेंट कारखान्यांच्या परिसरात बारीक धूळ असते.

या दोन्ही टोकांचा पोलादी पिस्तुलावर वेगवेगळा परिणाम होतो. ओलावा व घाम यांमुळे गंज चढतो. कातडी म्यान ओले झाल्यावर बराच काळ ओलावा धरून ठेवते, म्हणून पिस्तूल म्यानात ठेवून साठवणे हानिकारक असते. उन्हाळ्यात जास्त तेल लावल्यास त्यावर धूळ बसून घट्ट चिखट तयार होते व स्लाइडची गती मंदावते. त्यामुळे पावसाळ्यात वारंवार पुसून तेलाचा पातळ थर देणे आणि उन्हाळ्यात तेल कमीत कमी ठेवणे, अशी ऋतूनुसार बदलणारी देखभाल आवश्यक ठरते. दीर्घकाळ मॅगझिनमध्ये राहिलेली व पावसात भिजलेली काडतुसे सरावात संपवून नवी भरणे हाही याच काळजीचा भाग आहे.

पिस्तुलाचे महत्त्व ठरवताना त्याच्या उपयोगाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. गडचिरोली पोलिसांचे ‘सी-६०’ हे विशेष पथक १९९० मध्ये स्थापन झाले. जंगलातील अंतरे आणि चकमकींचे स्वरूप पाहता अशा पथकांचे मुख्य शस्त्र रायफल असते, तर पिस्तूल हे जवळच्या अंतरासाठी व अखेरच्या आधारासाठी असते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. अशा हल्ल्यापुढे कमरेच्या शस्त्राची गुणवत्ता निर्णायक ठरत नाही.

वन्यप्राण्यांपासून संरक्षणासाठीही पिस्तूल उपयुक्त मानले जात नाही. ९ मिमी गोळीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल आणि नागरिकांना मिळणाऱ्या .३२ पिस्तुलाच्या गोळीची २०० ज्यूलहून कमी असते. वाघ किंवा अस्वल यांसारखा प्राणी तत्काळ थांबवण्यास ती अपुरी असून जखमी प्राणी अधिक धोकादायक होतो. शिवाय वाघ हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे.

सुरक्षितता

बाळगण्याच्या पिस्तुलाकडून दोन अपेक्षा असतात. चाप ओढल्यावर गोळी सुटली पाहिजे आणि चाप ओढलेला नसताना ती कधीही सुटता कामा नये. जुन्या नमुन्याच्या हाय पॉवरमध्ये सुईला अडवून धरणारी स्वतंत्र कळ नव्हती. त्यामुळे नळीत काडतूस असलेले पिस्तूल कठीण पृष्ठभागावर पडल्यास गोळी सुटण्याचा धोका पूर्णपणे टळत नाही. बेल्जियन कंपनीच्या मार्क ३ या आवृत्तीत अशी कळ बसवण्यात आली. जुना नमुना बाळगताना नळी रिकामी व मॅगझिन भरलेले ठेवणे हा प्रचलित उपाय आहे. मात्र त्यामुळे गरजेच्या वेळी स्लाइड ओढण्यास दुसरा हात आणि क्षणभर वेळ लागतो.

याच अडचणीचा विचार करून ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या सैन्यातील हाय पॉवरच्या जागी ग्लॉक १७ स्वीकारले. २५,००० हून अधिक पिस्तुलांचा हा करार सुमारे ९० लाख पौंडांचा होता. ग्लॉकमधील अंतर्गत सुरक्षा व्यवस्थेमुळे ते नळीत काडतूस ठेवून बाळगता येते. त्याचबरोबर त्यात बाहेरचा सुरक्षा खटका नसल्याने चापापासून बोट दूर ठेवण्याची शिस्त व चाप झाकणारे म्यान अनिवार्य ठरते.

कायदा आणि मूल्य

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. ९ मिमी पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’ प्रकारात मोडत असल्याने पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए सामान्य नागरिकास विकत घेता येत नाही. नागरिकांसाठी सरकारी कारखाने .३२ बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर बनवतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन करण्यात आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे पूर्वी आलेली जुनी युरोपीय पिस्तुले परवानाधारकांमध्ये मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जातात. अमेरिकेत नवे ग्लॉक पिस्तूल साधारण ५०० ते ६०० डॉलरांना मिळते. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी बाजारात आणलेल्या ‘निर्भीक’ या .३२ रिव्हॉल्व्हरची किंमत मात्र सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. मर्यादित पुरवठ्याच्या या बाजारात किंमत प्रामुख्याने दुर्मीळता दर्शवते. कित्येक दशके जुन्या परदेशी पिस्तुलाची स्प्रिंग थकलेली असते व सुटे भाग मिळत नाहीत, तरीही नावामुळे त्याची किंमत चढी राहते. दुसऱ्या टोकाला बेकायदा ‘देशी कट्टा’ स्वस्त असतो. परंतु त्याच्या नळीच्या पोलादाची कोणतीही चाचणी झालेली नसल्याने तो वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो, आणि असे शस्त्र बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे.

पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए ची जमेची बाजू म्हणजे दीर्घकाळ वापरात राहिलेला आराखडा, देशात मिळणारी काडतुसे व सुटे भाग आणि पोलीस शस्त्रागारांतील कारागिरांची त्याच्याशी असलेली ओळख. जुनी सुरक्षा व्यवस्था, जड चाप आणि पोलादी अंगाला लागणारी सततची निगा या त्याच्या उणिवा आहेत. म्हणून एखाद्या पिस्तुलाचे मूल्यमापन करताना त्यावरील छापाइतकेच त्याच्या मॅगझिनची स्थिती, काडतुसांचे वय, शेवटची तपासणी आणि बाळगणाऱ्याचा सराव यांची नोंद पाहणे आवश्यक असते.