लिनक्सच्या राउटिंग कॅशची गच्छंती

१० गिगाबिटच्या जोडणीवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेट सलग येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येतात. म्हणजे एकेका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. मुख्य मेमरीत एक फेरी मारली, तरी तेवढा वेळ सहज संपतो. आलेले पॅकेट पुढे कोणाकडे धाडायचे, हे लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, एवढ्यात ठरवायचे असते.

हा निर्णय साध्या शोधाने होत नाही. राउटिंग टेबलमध्ये पूर्ण पत्ते नसतात, पत्त्यांचे सुरुवातीचे तुकडे असतात. टपालाचे उदाहरण घ्या: ४११ ने सुरू होणारा पिनकोड पुण्याकडे जातो. पुढचे अंकही जुळले तर थेट त्या टपाल कार्यालयाकडे. इथेही जुळणाऱ्यांपैकी सर्वांत लांब तुकडा निवडायचा. इंटरनेटच्या मुख्य राउटरवरच्या अशा नोंदींनी २०१४ साली पाच लाखांचा टप्पा ओलांडला.

दर वेळी एवढे खोदकाम नको, म्हणून लिनक्सने वर्षानुवर्षे राउटिंग कॅश बाळगली. पाठवणारा, घेणारा, सेवेचा प्रकार अशा गोष्टींची जोडी करून एकदा सापडलेले उत्तर हॅश टेबलात ठेवायचे. ठरावीक मंडळींचीच ये-जा असेल तेव्हा ही युक्ती झकास चाले. पण त्या जोडीत पाठवणाऱ्याचा पत्ता होता, आणि तो कोणालाही खोटा लिहिता येतो. दर पॅकेटला नवा खोटा पत्ता आला की दर पॅकेटला नवी नोंद, मग जुन्या नोंदींची झाडलोट, आणि खरा शोध करावा लागे तो वेगळाच. २००३ मध्ये तर पत्ते हेरून निवडले, तर साऱ्या नोंदी एकाच कप्प्यात कोंबता येतात, हे उघड झाले. हॅशमध्ये यादृच्छिक बीज घालून ते छिद्र बुजवले गेले. मूळ दुखणे राहिले: यंत्राचा वेग बाहेरचा माणूस ठरवत होता.

लिनक्सच्या नेटवर्किंगचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड मिलर यांनी जुलै २०१२ मध्ये ही कॅशच काढून टाकली. सप्टेंबरअखेर आलेल्या ३.६ आवृत्तीत ती नव्हती. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. नेहमीच्या सरळ वाहतुकीत कॅश जलदच होती, म्हणजे ती काढताना थोडे मागे जावे लागणार, हे माहीत असून तो घेतला गेला. त्याआधी बरीच पूर्वतयारी झाली. पुढच्या मुक्कामाची तयार माहिती दर प्रवाहामागे न ठेवता थेट राउटच्या नोंदीला चिकटवली गेली.

आता दर पॅकेटला करायच्या पूर्ण शोधाचा भार पेलायला स्वीडनमधून आलेली रचना हजर होती. स्टेफान निल्सन आणि गुन्नार कार्लसन यांची एलसी-ट्राय ही झाडासारखी रचना, जी रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत आणली. ज्या टप्प्यावर फाटे फुटत नाहीत तो ती गाळते. जिथे दाट फाटे आहेत, तिथे अनेक बिट एका उडीत ओलांडते. त्यामुळे झाड बुटके राहते आणि मेमरीतल्या फेऱ्या कमी होतात.

कॅश गेल्यावर या झाडाचा प्रत्येक नॅनोसेकंद उघडा पडला. २०१५ मध्ये अलेक्झांडर डाइक यांनी त्याची आतून फेरबांधणी केली. ४.१ आवृत्तीत त्यांनी स्थानिक पत्त्यांचे आणि मुख्य मार्गांचे टेबल एकाच झाडात आणले. दोन शोधांऐवजी एक. मात्र ही सवलत राउटिंगचे खास नियम लावलेले नाहीत तोवरच. पहिला नियम लागताच कर्नेल दोन्ही टेबले पुन्हा वेगळी करतो.