विश्लेषण : मोठी अलॉय व्हील बसवली आणि टायर घासू लागला... दोष कुठे, उपाय काय?

गाडीत एकटा चालक असला की काही आवाज नाही. मागे तिघे बसले, डिकीत सामान गेले आणि गतिरोधक आला की मागच्या चाकातून ‘खर्रर’ ऐकू येते. काहींची तक्रार वेगळी असते. अरुंद गल्लीत गाडी वळवताना स्टेअरिंग पूर्ण फिरवले की पुढून घासल्याचा आवाज येतो. हौसेने रुंद टायर आणि मोठी मॅग व्हील बसवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर बहुतेक वेळा ‘मडगार्ड थोडे ठोकून देतो’ किंवा ‘स्पेसर टाकू’ एवढेच असते. घासण्याची जागा शोधण्याआधीच केलेले हे दोन्ही उपाय त्रास वाढवू शकतात.

डोणगावसारख्या ठिकाणी प्रश्न का मोठा?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातले डोणगाव हे नागपूर-छत्रपती संभाजीनगर जुन्या मार्गावरचे गाव. इथे अस्सल स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. दिसतात त्या वेगाची हौस भागवणाऱ्या हॅचबॅक आणि सेडान, त्यातही पुण्या-मुंबईहून जुन्या बाजारात आलेल्या. फोक्सवॅगनची पोलो हे त्याचे ठळक उदाहरण. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली, पण तिच्या जीटी आवृत्तीचे वेड कमी झालेले नाही. अशी गाडी घेताना आधीच्या मालकाने बदललेली चाकेही पदरात पडतात आणि ती कोणत्या मापाची आहेत हे नव्या मालकाला अनेकदा ठाऊक नसते.

दुसरे कारण रस्त्यांचे. गावात गतिरोधक, शेताकडे जाणारा पांदण रस्ता आणि मेहकरला चढले की समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर कारसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे सकाळी खड्ड्यात आपटलेला टायर दुपारी तासभर सलग १२० च्या वेगाने फिरतो. या वेगाला पोलोच्या मूळ मापाचे चाक सेकंदाला साधारण साडेसतरा फेरे मारते. घासून कमकुवत झालेली टायरची भिंत अशा वेळी, तेही उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर, दगा देऊ शकते. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

आधी घासतेय कुठे, ते कसे शोधायचे?

यासाठी मशीन लागत नाही. टायरच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, आतून-बाहेरून ओल्या खडूने पट्टा ओढायचा. गाडीत नेहमीइतकी माणसे बसवायची. मोकळ्या जागेत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पुढे-मागे घ्यायची, मग गतिरोधकावरून हळू न्यायची. पट्टा जिथे पुसला गेला, तिथे टायर लागतो. टॉर्च घेऊन चाकाच्या वरच्या कमानीत पाहिले तर समोरची खूणही सापडते. प्लास्टिकचे लायनर तिथे चकचकीत झालेले असते, पत्र्याची कड असेल तर रंग उडालेला असतो.

इथे एक स्थानिक बाब. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या कमानीत चिखलाचा थर बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. मूळ चाकाला तो लागत नाही, मोठ्या चाकाला लागतो. शिवाय लायनरच्या क्लिपा निघून ते खाली लोंबले असेल तरी आवाज तसाच येतो. त्यामुळे पहिला उपाय चाके धुऊन घेणे आणि तुटलेल्या क्लिपा बदलणे. काही गाड्यांचा आजार इथेच बरा होतो.

खूण सापडली की निदान बरेचसे होते. पुसलेला पट्टा बाहेरच्या खांद्यावर असेल आणि गाडी भरल्यावरच घासत असेल, तर चाक बाहेर आले आहे. आतला खांदा शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या वाटीला लागत असेल, तर चाक आत गेले आहे. फक्त स्टेअरिंग पूर्ण फिरल्यावर पुढच्या लायनरला लागत असेल, तर टायर उंच किंवा रुंद झाला आहे.

उंचीचे गणित काय?

टायरवर ‘१८५/६० आर १५’ असे लिहिलेले असते. १८५ मिलिमीटर ही रुंदी, ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि १५ इंच हा रिमचा व्यास. सुरुवातीच्या पोलो जीटीचे हेच माप होते. भिंतीची उंची १११ मिमी, ती दोनदा धरायची, त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवायचे. पूर्ण टायरचा व्यास येतो ६०३ मिमी.

आता कोणी ‘एक इंच मोठे’ म्हणून २०५/५५ आर १६ बसवला, तर व्यास होतो जवळपास ६३२ मिमी. म्हणजे २९ मिमी जास्त, आणि टायरचा माथा कमानीच्या साडेचौदा मिमी जवळ गेला. त्यात रुंदीही २० मिमीने वाढली. गाडीत माणसे बसली की उरलेली फटही संपते. याउलट १९५/५० आर १६ घेतला, तर रिम १६ इंचीच, पण व्यास ६०१ मिमी, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम दोन मिमी कमी. दिसायला चाक तितकेच मोठे, घासण्याची शक्यता कितीतरी कमी. ‘रिम वाढली की भिंत कमी’ एवढे दुकानात लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतात. अर्थात भिंत कमी झाली की खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. डोणगावच्या रस्त्यांवर १७ इंची चाके मिरवण्याआधी याचा विचार केलेला बरा.

व्यास वाढल्याचा आणखी एक परिणाम स्पीडोमीटरवर होतो. वरच्या उदाहरणात चाक ४.८ टक्के मोठे झाले. मीटर एरवी अचूक आहे असे धरले, तर काटा १२० दाखवत असताना गाडी सुमारे १२६ ने धावत असते. समृद्धीवरच्या कॅमेऱ्यांपुढे काट्याचा हा फरक सांगून उपयोग नाही.

ऑफसेट म्हणजे काय?

सर्वाधिक घोळ इथे होतो. दुकानात रिमचा व्यास, बोल्टची संख्या आणि डिझाइन विचारले जाते, ऑफसेट क्वचितच. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी तिची पाठ यांच्यातले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला तो ‘ईटी ४०’, ‘ईटी ३५’ असा कोरलेला असतो. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते, वाढला की आत जाते.

समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४० आहे. नवी साडेसात इंच रुंद आणि ईटी ३० घेतली. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. त्यातले १९ मिमी बाहेर, १९ आत. ऑफसेट १० ने कमी झाल्याने सगळे चाक आणखी १० मिमी बाहेर सरकले. एकूण हिशेब : बाहेरची कड २९ मिमी बाहेर, आतली कड ९ मिमी आत. म्हणजे एकच रिम दोन्ही बाजूंनी घासण्याची सोय करून ठेवते. शिवाय चाक बाहेर गेले की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टेअरिंग ओढल्यासारखे वाटू शकते.

ऑफसेटबरोबर मधल्या छिद्राचे मापही पाहायला हवे. पोलोच्या हबसाठी ते ५७.१ मिमी असते. बाजारातल्या अनेक रिमचे छिद्र यापेक्षा मोठे असते, म्हणजे चाकांवर जमण्यासाठीच ते तसे ठेवलेले असते. मधली फट भरणारी हब रिंग घातली नाही तर चाक नेमके मध्यभागी बसत नाही, मग कितीही बॅलन्सिंग केले तरी ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरते.

स्पेसर टाकावा का?

फक्त आतला खांदा शॉकअपला लागत असेल आणि तीन ते पाच मिमीच हवे असतील, तरच. बाहेर घासत असलेल्या चाकाला स्पेसर टाकणे म्हणजे आजार वाढवणे, कारण त्याने चाक आणखी बाहेर येते. स्पेसर टाकल्यावर बोल्ट तेवढ्याच अंतराने कमी आत जातो, हा दुसरा धोका. घरी करण्याजोगी तपासणी अशी : मूळ रिमला बोल्ट हाताने किती फेरे आत जात होता ते मोजायचे. स्पेसरनंतर फेरे कमी झाले, तर तेवढ्या जास्त लांबीचे बोल्ट घ्यायचे. तसे बोल्ट मिळत नसतील, तर स्पेसर नको. पत्र्याचे वॉशर रचून ‘जुगाड स्पेसर’ करण्याला कोणत्याही परिस्थितीत हो म्हणू नये.

पत्रा ठोकणे, स्प्रिंगमध्ये रबर, अलाइनमेंट... काय चालते?

कमानीच्या आत वळलेली पत्र्याची कड हे बाहेरून घासणाऱ्या टायरचे नेहमीचे ठिकाण. ही कड आत दुमडून पाच-सात मिमी जागा मिळू शकते. पण ते काम हातोडीचे नाही. पत्रा हीट गनने गरम करून रोलरने हळूहळू दाबावा लागतो. थंड पत्र्यावर हातोडी बसली की रंगाला तडे जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा बफर बसवून गाडी ‘उचलून’ देणारे बरेच आहेत. त्याने घासणे थांबते हे खरे, पण स्प्रिंगची हालचालच रोखल्यामुळे. मग धक्का शॉकअपवर आणि मागे बसलेल्यांच्या कमरेवर जातो. तात्पुरत्या सोयीपलीकडे त्याला फारशी किंमत देऊ नये. आधीच्या मालकाने गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापलेली असेल, तर मात्र चर्चा नको. कापलेली स्प्रिंग काढून कंपनीच्या मापाची बसवणे हाच उपाय.

अलाइनमेंटने पुढच्या चाकाचा तिरकेपणा थोडा बदलून दोन-चार मिमी मिळवता येतात, पण टायर आतून लवकर झिजतो. पोलोसारख्या गाडीच्या मागच्या बाजूला टॉर्शन बीम असतो, तिथे साध्या अलाइनमेंटने काहीच हलत नाही. त्यामुळे ‘मागे घासतेय, अलाइनमेंट करून घ्या’ हा सल्ला ऐकला तर समोरच्याने गाडीखाली पाहिलेले नाही, असे समजावे.

बहुतेक प्रकरणांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय एकच ठरतो : योग्य मापाचा टायर. रिम तीच ठेवून टायर अरुंद किंवा कमी भिंतीचा घेतला की घासणे थांबते. तो घेताना भारांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको. ८४ भारांक म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. पाच माणसे आणि सामान असेल तेव्हा चार चाकांवरचा हा १०० किलोंचा फरक मोठा आहे.

घासलेला टायर वापरता येतो का?

नक्षीवर वरवर घासल्याची खूण असेल तर येतो. भिंतीवर चर पडला असेल, आतले धागे दिसत असतील किंवा फुगवटा आला असेल, तर नाही. भिंतीला पॅच लागत नाही, पंक्चरवाल्याने लावून दिला तरी. कारसाठी नक्षीची खोली किमान १.६ मिमी असावी असा नियम आहे. पण टायर आतून घासत असेल तर बाहेरून नक्षी भरपूर दिसते आणि आतली बाजू संपलेली असते. म्हणून चाक काढून पाहणे आवश्यक.

कायदा आणि विमा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यातल्या त्यात सुरक्षित वाट म्हणजे कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला जे माप देते, तेच घेणे. ते माप चालकाच्या दारावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. नंतर बसवलेली अलॉय व्हील विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावीत, नाहीतर चाके चोरीला गेल्यावर किंवा अपघातानंतर दाव्यावरून वाद होतो.

चाके बदलल्यानंतर साधारण १०० किलोमीटरला बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत. स्टेपनीचाही विचार हवा. चार चाके ६३२ मिमीची आणि स्टेपनी ६०३ ची असेल, तर ती पुढच्या चाकाला लावून लांब जाता येत नाही, कारण दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक डिफरन्शियलला सतत सोसावा लागतो. पंक्चर पुढे झाले तर मागचे मोठे चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावावी आणि हळू चालवत जवळचे दुकान गाठावे. मूळ चार रिमही लगेच विकून टाकू नयेत. नवे माप जमलेच नाही तर परतीची सोय त्याच असतात, आणि जुन्या बाजारात गाडी काढताना घेणारा आधी त्याच मागतो.