बेस्टची बस आणि महापालिका

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली. पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज आणि वाहतूक मिळून बेस्ट कंपनीचा सगळा कारभार महापालिकेच्या हाती आला. बसची तूट विजेच्या उत्पन्नातून भरून निघे, आणि ही सोय मुंबईकरांच्या फार कामी आली. पुढे २००३ च्या वीज कायद्यानंतर ग्राहकांच्या वीजबिलातून ही तूट भरण्यावर निर्बंध आले आणि बेस्ट पालिकेच्या मदतीवर अवलंबून राहू लागली.

म्हणूनच बसभाडे हा इथे राजकीय प्रश्न ठरतो. २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले, २०२५ मध्ये ते १० झाले. दांड्याला लोंबकळत रोज प्रवास करणाऱ्या कामकरी बाईला हा फरक महिनाअखेरीस चांगलाच जाणवतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. त्यामुळे एखादी बस बंद का झाली, हे वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठून विचारण्याची वाटही त्या काळात बंद झाली. दरम्यान स्वमालकीच्या गाड्या कमी होत गेल्या आणि ठेकेदारांच्या भाडेतत्त्वावरील गाड्या वाढल्या.