एसीचा गॅस भरण्याआधी केबिन फिल्टर बघा! पिकअपमध्ये तो घरीच कसा बदलायचा?

फोनच्या स्पीकरच्या जाळीत धूळ बसली की आवाज बारीक येतो. तेव्हा आपण लगेच स्पीकर बदलत नाही, आधी जाळी साफ करतो. गाडीच्या एसीचंही असंच आहे. हवा कमी यायला लागली की बरेच जण ‘गॅस संपला’ म्हणून थेट गॅस भरायला जातात. पण कित्येकदा दोष असतो चोंदलेल्या केबिन फिल्टरचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, मेकॅनिक नाही. तरी मामांच्या टोयोटा हायलक्स पिकअपचा हा फिल्टर मीच बदलतो. त्यांची गाडी रोज शेताच्या कच्च्या रस्त्याने जाते, त्यामुळे तो लवकर भरतो.

केबिन फिल्टर म्हणजे काय?

गाडीत हवेचे दोन फिल्टर असतात. एक बॉनेटखाली, इंजिनसाठी. दुसरा डॅशबोर्डच्या आत, आपल्यासाठी. घड्या घातलेल्या जाड कागदासारखा दिसणारा हा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. कार्बनचा थर असलेला फिल्टर वासही कमी करतो. मात्र कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कुठलाच केबिन फिल्टर अडवत नाही. त्यामुळे नवीन फिल्टर टाकला म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत बसू नका. ते जिवावर बेतू शकतं.

गॅस की फिल्टर? कसं ओळखायचं?

• ब्लोअर फुल्ल आहे, आवाजही मोठा, पण हवा कमी येते आणि येते ती थंडच असते: आधी फिल्टर बघा.
• हवा जोरात येते, पण गार होत नाही: फिल्टरचा संबंध कमी. गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासून घ्या.
• कोंदट वास येतो किंवा काचेवरचं धुकं लवकर जात नाही: इथेही सुरुवात फिल्टरपासून करा.

थोडक्यात काय, कोड डीबग करताना सगळ्यात सोपी शक्यता आधी तपासतो, तसंच करायचं.

फिल्टर कसा बदलायचा?

१. इंजिन आणि ब्लोअर बंद करा. तोंडाला मास्क लावा, धूळ बरीच उडते.
२. हायलक्समध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचा खालचा ग्लोव्हबॉक्स रिकामा करून उघडा. बाजूला खण सावकाश उघडणारा छोटा दांडा असतो, तो सोडवा.
३. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबून तो बाहेर काढा. जोर लावू नका, प्लास्टिक तुटतं.
४. मागे फिल्टरचं झाकण दिसेल. खटका दाबून ते काढा. फिल्टर ओढण्याआधी त्यावरच्या बाणाचा फोनवर फोटो काढा.
५. जुना फिल्टर हळूच सरळ बाहेर ओढा. आतल्या जागेत पाने, कचरा असेल तर काढून टाका.
६. नवीन फिल्टर बसवा, झाकण आणि खण पुन्हा लावा.

बाणाचा घोळ करू नका!

फिल्टरवर दोन प्रकारचे बाण असतात. बाणाजवळ इंग्रजीत ‘अप’ लिहिलं असेल तर तो बाण वरच्या दिशेला हवा. ‘एअर फ्लो’ लिहिलं असेल तर हवा ज्या दिशेने वाहते, त्या दिशेला. हायलक्ससाठीच्या टोयोटाच्या फिल्टरवर ‘अप’ असतं.

जुनाच धुऊन वापरला तर?

कागदी फिल्टर धुऊ नका. ओला झाला की त्याचे तंतू बिघडतात, आत ओल राहिली तर बुरशीही धरते. जोराची हवा मारली तरी तो फाटू शकतो. आणि फिल्टर काढून तसाच एसी चालवू नका. धूळ थेट ब्लोअर आणि कूलिंग कॉइलवर बसते, ती साफ करणं महागात पडतं.

कधी बदलायचा?

किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. धुळीच्या किंवा गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर त्याआधीच बदलावा लागतो. नवीन फिल्टर घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष दुकानदाराला नक्की सांगा, कारण माप वेगळं असेल तर कडेच्या फटीतून धूळ आत येते. बसवण्याआधी फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि फोनमध्ये सहा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावा. त्या दिवशी नुसता काढून बघितला तरी पुरे. घड्या काळ्या किंवा मातकट दिसल्या की बदला.